उतरत्या वयाचा गोलंदाज आणि मुदतीचा करार : महाराष्ट्रातील क्रिकेटच्या आर्थिक इतिहासाचा एक अभ्यास

प्रस्तावना

खेळाचा इतिहास लिहिताना सामने, विक्रम आणि खेळाडूंची चरित्रे यांवरच भर दिला जातो. खेळाडू हाही शरीर राबवून उपजीविका करणारा कष्टकरी आहे, त्याच्या श्रमाला बाजारभाव असतो आणि वयाबरोबर तो भाव बदलत जातो, ही बाजू बहुधा दुर्लक्षित राहते. भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहरात हा प्रश्न वेगळ्या शब्दांत रोजच भेटतो. येथील विणकराला मजुरी मिळते ती विणलेल्या कापडाच्या मीटरवर. हात चालतो तोवर मजुरी, हात थकला की मजुरी घटते आणि डोळे अधू झाले की काम संपते. कारागिराचे वय वाढण्याचा धोका मागमालक पत्करत नाही, तो संपूर्णपणे कारागिराच्या माथी असतो.

क्रिकेटच्या मैदानावर मात्र गेल्या काही दशकांत याच्या नेमके उलट चित्र दिसते. उतरणीला लागलेल्या नामवंत गोलंदाजाशी संघमालक दोन-तीन वर्षांचा करार करतो आणि त्या शरीराच्या झिजेचा धोका स्वतःकडे घेतो. हा बदल कसा घडला, त्याआधी हा धोका कोण वाहत होते आणि नव्या व्यवस्थेत कोण तोट्यात राहिले, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. त्यासाठी पळवणकर बाळू, विनू मंकड, पद्माकर शिवलकर, झहीर खान व प्रवीण तांबे या महाराष्ट्राशी निगडित गोलंदाजांची उदाहरणे घेतली असून तुलनेसाठी परदेशी गोलंदाज आणि अमेरिकेतील बेसबॉलचाही आधार घेतला आहे.

१. गोलंदाजाचे शरीर आणि काळ

फलंदाज व गोलंदाज यांच्या वार्धक्यात मूलभूत फरक आहे. फलंदाजाची नजर व पदलालित्य हळूहळू मंदावते आणि अनुभव काही काळ ती उणीव भरून काढतो. वेगवान गोलंदाजाचे तसे नसते. प्रत्येक चेंडू टाकताना पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. घोटा, गुडघा, मांडीचा मागचा स्नायू, कंबर व खांदा यांपैकी एक दुवा निखळला, की संपूर्ण गोलंदाजी थांबते. म्हणजे वेगवान गोलंदाजाची उतरण पायऱ्यापायऱ्यांनी होत नाही, ती पुष्कळदा कडा कोसळावा तशी होते. फिरकी गोलंदाजाचे आयुष्य याहून दीर्घ असते. त्याचे मुख्य भांडवल बोटे, मनगट व बुद्धी हे असते आणि ते वयानुसार परिपक्व होऊ शकते.

हा भेद लक्षात न घेता ‘वयस्क गोलंदाज’ असा एकच वर्ग कल्पिला तर करारातील धोक्याचा अंदाज हमखास चुकतो. पुढील उदाहरणांतून ही बाब स्पष्ट होईल.

२. कराराविना गोलंदाज : पळवणकर बाळू

धारवाड येथे १८७६ मध्ये जन्मलेले पळवणकर बाळू हे भारतीय क्रिकेटमधील पहिले थोर फिरकी गोलंदाज मानले जातात. पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात ते दरमहा ४ रुपयांवर मैदानाची निगा राखण्याचे काम करीत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. इंग्रज खेळाडू ग्रेग यांना बाद केले, की बाळूंना दर खेपेस ८ आणे मिळत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्या काळच्या आर्थिक व्यवहाराचे मर्म तिच्यात आले आहे. बळी घेतला तर दाम, नाही घेतला तर काही नाही. विणकराच्या मीटरच्या हिशेबाहून हा हिशेब निराळा नाही.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळूंचे वय ३५ होते. त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. आजच्या बाजाराच्या भाषेत उतरत्या वयाचा म्हणून जो खेळाडू गणला गेला असता, तो त्या वयात कारकीर्दीच्या शिखरावर होता. परंतु या कामगिरीला अनुरूप असा कोणताही आर्थिक आधार त्यांना लाभला नाही. मुंबईत आल्यानंतर रेल्वे कंपनीतील नोकरी हाच त्यांचा आधार होता. चर्मकार समाजात जन्मल्यामुळे हिंदू संघाचे कर्णधारपदही त्यांना नाकारले गेले. १९२० मध्ये या अन्यायाविरुद्ध त्यांच्या बंधूंनी जाहीर नापसंती दर्शवून संघाबाहेर राहणे पसंत केले आणि पुढे १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले.

बाळूंच्या उदाहरणावरून दोन गोष्टी दिसतात. पहिली, वयाचा आकडा हा फिरकी गोलंदाजाच्या मूल्याचा विश्वसनीय निकष नाही. दुसरी, जेथे करार नसतो तेथे खेळाडूचे मोल ठरवताना त्याच्या कामगिरीपेक्षा त्याची जात आणि इतरांची मर्जी अधिक वजनदार ठरते. कराराचे दोष पुढे पाहूच, पण करार नसण्याचे दोष आधी ध्यानात घ्यावयास हवेत.

३. हमीचा प्रश्न : विनू मंकड, १९५२

जामनगरात जन्मलेले आणि मुंबईकडून रणजी खेळलेले विनू मंकड यांनी १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यापूर्वी नियामक मंडळाकडे एक साधी मागणी केली. दौऱ्यासाठी निवड होईल एवढे आश्वासन आधी मिळावे, म्हणजे इंग्लंडमधील लँकेशायर लीगच्या हासलिंगडन क्लबने देऊ केलेला व्यावसायिक करार नाकारता येईल. त्या वेळी मंकड ३५ वर्षांचे होते. मंडळाने आश्वासन दिले नाही आणि मंकड यांनी क्लबचा करार स्वीकारला.

लीड्सच्या पहिल्या कसोटीत भारताच्या दुसऱ्या डावात फलकावर एकही धाव नसताना ४ गडी बाद झाले. पराभवानंतर मंडळाला क्लबशी बोलणी करून मंकड यांना मोकळे करून घ्यावे लागले. लॉर्ड्सवरील पुढच्याच कसोटीत त्यांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या आणि पहिल्या डावात तब्बल ७३ षटके टाकून १९६ धावांत ५ बळी घेतले. भारत तो सामना हरला, तरी ती कसोटी आजही मंकड यांच्याच नावाने ओळखली जाते.

या प्रसंगाचे महत्त्व असे की, वयस्क गोलंदाजाला हमी देण्यात धोका आहे हे मंडळाने जाणले होते. हमी न देण्यातही धोका असतो, हे मात्र त्याने हिशेबात धरले नाही. करार टाळला की जबाबदारी टळते, हा समज तेथे महागात पडला.

४. कचेरीतील नोकरी : मुंबईचा दीर्घ करार

मंकड यांच्यानंतरच्या काळात मुंबईने या प्रश्नावर स्वतःचे उत्तर शोधले होते. ते म्हणजे कचेरीचे क्रिकेट. टाटा, मफतलाल, निरलॉन, एसीसी, स्टेट बँक अशा संस्था आपले संघ बाळगीत आणि ‘टाइम्स शील्ड’ स्पर्धेत उतरत. अजित वाडेकर स्टेट बँकेत, तर सुनील गावस्कर निरलॉनमध्ये नोकरीला होते. खेळाडूला कायम नोकरी मिळे, सामन्यासाठी रजा मिळे आणि खेळ थांबला तरी नोकरी निवृत्तीच्या वयापर्यंत चालू राही.

आर्थिक दृष्टीने पाहता हा एक फार लांब मुदतीचा करार होता. खेळाडूचे खेळण्याचे आयुष्य १२ ते १५ वर्षांचे आणि नोकरी तीस-पस्तीस वर्षांची. पगार थोडा, पण खात्रीचा. गोलंदाजाचा खांदा गेला तरी चूल पेटती राही. त्याच्या वार्धक्याचा धोका एका मोठ्या संस्थेत इतक्या लोकांत वाटला जाई, की कोणालाच तो जाणवत नसे.

या व्यवस्थेत घडलेल्या पिढीचे मोठे नाव म्हणजे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊनही त्यांना एकही कसोटी खेळावयास मिळाली नाही. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तमिळनाडूविरुद्ध त्यांनी एका डावात १६ धावांत ८, तर दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी बाद केले. १९८७-८८ च्या हंगामात, वयाच्या ४७ व्या वर्षी, मुंबईने त्यांना पुन्हा रणजीसाठी बोलावले. सामन्याच्या मिळकतीवर घर अवलंबून नसेल, तरच गोलंदाज इतक्या उशिरापर्यंत खेळाशी निष्ठा राखू शकतो. नियामक मंडळाने २०१७ मध्ये त्यांचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्काराने सन्मान केला. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

कचेरीच्या क्रिकेटचा हा वृक्ष पुढे सुकत गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईचे औद्योगिक जीवनच बदलले. गिरण्यांतील कायम कामगाराचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे वळले आणि कायम पगाराची जागा मीटरच्या मजुरीने घेतली. १९९१ नंतरच्या उदारीकरणात खर्चाची काटछाट करताना अनेक कंपन्यांनी खेळाडूंची भरती आवरती घेतली. गिरणीतला बदल आणि मैदानावरचा बदल हे एकाच प्रवाहाचे दोन फाटे आहेत. दोन्हीकडे दीर्घ हमी संपली. एकीकडे तुकड्यावरची मजुरी आली, तर दुसरीकडे, बऱ्याच उशिराने, लिलाव आला.

५. लिलावाचे युग : ३ वर्षांचे करार

२० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत इंडियन प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला. करार ३ वर्षांचे होते. त्या दिवशी दिल्लीने ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅकग्रा यांना साडेतीन लाख डॉलरला घेतले. ते नुकतेच ३८ वर्षांचे झाले होते. पहिल्या हंगामात त्यांनी १४ सामन्यांत १२ बळी घेऊन किंमत राखली. दुसऱ्या हंगामात मात्र ते एकही सामना खेळले नाहीत आणि तिसऱ्या हंगामापूर्वी दिल्लीने पैसे देऊन त्यांचा करार संपवला. ३ वर्षांच्या करारातून संघाला प्रत्यक्ष खेळ मिळाला तो एका वर्षाचा.

याच लिलावात मुंबईने ३४ वर्षांच्या शॉन पोलॉक यांना साडेपाच लाख डॉलरला घेतले. तेही एका हंगामानंतर मैदानाबाहेर गेले आणि मार्गदर्शकाच्या भूमिकेत आले. याउलट राजस्थानने साडेचार लाख डॉलरला घेतलेले ३८ वर्षांचे फिरकी गोलंदाज शेन वॉर्न यांनी कर्णधार या नात्याने पहिलेच विजेतेपद मिळवून दिले. मॅकग्रा आणि वॉर्न एकाच पिढीचे, एकाच संघात घडलेले, पण वेग आणि फिरकी यांतील फरक कराराच्या हिशेबात स्पष्ट उमटला.

दुखापतीचा धोका केवळ पस्तिशीपलीकडचा नसतो. २००९ मध्ये चेन्नईने अँड्र्यू फ्लिंटॉफ यांच्यासाठी १५ लाख ५० हजार डॉलर मोजले. वय ३१. ते अवघे ३ सामने खेळले, गुडघ्याने दगा दिला आणि पुढच्या वर्षी त्यांनी निवृत्ती पत्करली. वेगवान गोलंदाजाचे वय जन्मतारखेवरून मोजण्यापेक्षा त्याने टाकलेल्या षटकांवरून व झालेल्या शस्त्रक्रियांवरून मोजणे अधिक योग्य, हा धडा या प्रकरणातून मिळतो.

६. झहीर खान : एका कारकीर्दीतील ४ करार

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर येथे ७ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मलेले झहीर खान यांची कारकीर्द या विषयाचा सर्वांत बोलका दाखला ठरते. २००५ च्या अखेरीस नियामक मंडळाने त्यांना वार्षिक कराराच्या ‘ब’ श्रेणीतून ‘क’ श्रेणीत उतरवले. २००६ मध्ये त्यांनी इंग्लंडमधील वूस्टरशायर कौंटीकडून एका हंगामात ७८ बळी घेतले आणि भारतीय संघात पुनरागमन केले. एक वर्षाच्या अल्प कराराचा हा लाभ. संस्थेला चूक सुधारता येते आणि खेळाडूला स्वतःला पुन्हा सिद्ध करता येते.

जानेवारी २०११ च्या लिलावात बंगळुरूने त्यांना ९ लाख डॉलरला घेतले. त्या वेळी ते ३२ वर्षांचे होते. पुढच्या तीनच महिन्यांत त्यांनी विश्वचषकात २१ बळी घेऊन शाहिद आफ्रिदींसह सर्वाधिक बळींचा मान मिळवला. खरेदी उत्तम ठरली असे सर्वांनाच वाटले. परंतु २१ जुलै २०११ रोजी लॉर्ड्सवर, कसोटीच्या पहिल्याच दिवशी १३.३ षटके टाकून ते मांडीच्या स्नायूच्या दुखापतीमुळे मैदानाबाहेर गेले. पाठोपाठ घोट्यावर शस्त्रक्रिया झाली. २०१२ च्या हंगामात त्यांनी १७ बळी घेतले, तर कराराच्या शेवटच्या वर्षी, २०१३ मध्ये, दुखापतींमुळे ते फारच थोडे सामने खेळू शकले.

२०१४ मध्ये मुंबईने त्यांना २ कोटी ६० लाख रुपयांना घेतले. तो हंगामही दुखापतीने अर्धवट राहिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत वेलिंग्टन येथील आपल्या अखेरच्या कसोटीत त्यांनी एका डावात ५१ षटके टाकून १७० धावांत ५ बळी घेतले होते. पस्तिशीतील वेगवान गोलंदाजाकडून ५१ षटके टाकून घेतल्यावर काही आठवड्यांत त्याच शरीराची परीक्षा दुसऱ्या संघाने घ्यावी, ही दोन मालक असलेल्या श्रमिकाची स्थिती होय. एकाने राबवायचे आणि तुटल्याचा खर्च दुसऱ्याने सोसायचा. २०१५ मध्ये दिल्लीने ४ कोटी रुपये देऊन त्यांना घेतले आणि २०१६ व २०१७ मध्ये कर्णधारपद सोपवले. तेथे त्यांच्या शरीरापेक्षा त्यांच्या डोक्याला मोल मिळाले. आयपीएलमध्ये १०० सामन्यांत १०२ बळी असा त्यांचा अंतिम हिशेब आहे. एकूण हिशेब उत्तम, मात्र वर्षवार पाहता भरती-ओहोटीचा. कराराचा धोका नेमका याच फरकात दडलेला असतो.

७. अमेरिकेतील तुलना

झहीर यांच्यापेक्षा जेमतेम ५ महिन्यांनी लहान असलेले, त्यांच्यासारखेच डावखुरे योहान सान्ताना हे बेसबॉलमधील चेंडूफेके. आयपीएलचा पहिला लिलाव झाला त्याच महिन्यात, फेब्रुवारी २००८ मध्ये, न्यूयॉर्क मेट्स संघाने त्यांच्याशी ६ वर्षांचा १३ कोटी ७५ लाख डॉलरचा करार केला. तेव्हा ते ऐन भरात होते. २०१० मध्ये खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि २०११ चा हंगाम बुडाला. १ जून २०१२ रोजी त्यांनी १३४ चेंडू टाकून प्रतिस्पर्ध्यांना एकही ‘हिट’ न देता सामना जिंकून दिला. मेट्सच्या इतिहासात असे प्रथमच घडले. पण पुढच्या वर्षी खांदा पुन्हा निकामी झाला आणि ते त्या पातळीवर परत कधीच खेळले नाहीत. पगार मात्र ठरल्याप्रमाणे द्यावा लागला, कारण तेथील करार हमीचे असतात.

म्हणजे दीर्घ मुदतीच्या कराराला म्हातारा गोलंदाज लागतो असे नाही. करारच पुरेसा लांब असेल तर तरुण गोलंदाज त्या कराराच्या आतच म्हातारा होतो. आयपीएलने मुदत आखूड ठेवून हा धोका मर्यादित केला. शिवाय खेळाडू उपलब्ध असेल तर सामना न खेळताही त्याला हंगामाचे पैसे मिळतात, परंतु हंगामालाच हजर राहू न शकणाऱ्याला ते मिळत नाहीत. अमेरिकेत धोका मुख्यतः मालकाचा, येथे तो वाटून घेतलेला आहे.

८. किंमत कमी, अपेक्षा नेमकी

धोका पत्करण्याचा शहाणपणाचा मार्ग मुंबईच्याच संघाने दाखवला. श्रीलंकेचे लसित मलिंगा हे २०१८ च्या लिलावात कोणीही न घेतल्यामुळे मुंबईचे गोलंदाजी मार्गदर्शक बनले. पुढच्या लिलावात संघाने त्यांना २ कोटी रुपये या माफक किमतीत पुन्हा खेळाडू म्हणून घेतले. १२ मे २०१९ च्या अंतिम सामन्यात ३५ वर्षांच्या मलिंगा यांनी ४ षटकांत ४९ धावा दिल्या. तरीही शेवटचे षटक त्यांच्याच हाती देण्यात आले. अखेरच्या चेंडूवर चेन्नईला २ धावा हव्या असताना त्यांनी पालघरच्या शार्दूल ठाकूर यांना संथ चेंडूवर पायचीत केले आणि मुंबई एका धावेने विजयी झाली. वेग सरला होता, पण हुन्नर शाबूत होता. संघाने किंमत मोजली ती हुन्नराची, गतवैभवाची नव्हे.

मुंबईचेच प्रवीण तांबे यांची कथा याहूनही निराळी. एकही प्रथम श्रेणी सामना न खेळता, वयाच्या ४१ व्या वर्षी २०१३ मध्ये त्यांना राजस्थानने संधी दिली. २०१४ मध्ये या लेगस्पिनरने कोलकात्याविरुद्ध हॅट्‌ट्रिक साधून हंगामात १५ बळी घेतले. ज्याच्या नावाला बाजारात किंमत नव्हती त्याच्यावर लावलेला डाव स्वस्त होता आणि तो फळाला आला.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) वयस्क नामवंत गोलंदाजाच्या करारातील मुख्य चूक म्हणजे भूतकाळातील कामगिरीची किंमत भविष्यातील श्रमासाठी मोजणे. कीर्ती आणि क्षमता यांचे वय सारखे नसते.

२) वेगवान व फिरकी गोलंदाज यांना एकाच मापाने मोजता येत नाही. पळवणकर बाळू, मंकड, शिवलकर, वॉर्न व तांबे ही फिरकीची परंपरा एका बाजूस आणि मॅकग्रा, पोलॉक, फ्लिंटॉफ व झहीर हे वेगाचे अनुभव दुसऱ्या बाजूस ठेवले असता हा भेद स्पष्ट होतो.

३) आखूड मुदत, माफक किंमत आणि नेमकी भूमिका या तीन गोष्टी जुळल्या, तर उतरत्या वयाचा गोलंदाजही संघाला लाभदायक ठरतो.

४) शरीराच्या झिजेचा धोका कधी नाहीसा होत नाही. तो फक्त एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. बाळूंच्या काळी तो खेळाडूवर होता, कचेरीच्या क्रिकेटमध्ये तो संस्थेने वाहिला आणि लिलावात तो मूठभर नामवंतांपुरता मालकाने विकत घेतला.

या शेवटच्या निष्कर्षातच विषयाचे खरे गांभीर्य आहे. ज्याला ३ वर्षांचा करार मिळतो त्याच्या वार्धक्याची चर्चा वर्तमानपत्रांत होते. ज्याला करारच मिळत नाही अशा शेकडो गोलंदाजांचे खांदे कोणाच्याही लक्षात न येता निकामी होतात. नियामक मंडळाने २०२२ मध्ये माजी खेळाडूंच्या निवृत्तिवेतनात वाढ करून सर्वांत खालच्या गटाचे वेतन दरमहा १५ हजारांवरून ३० हजार रुपये केले, हे स्वागतार्ह पाऊल होय. पण त्या यादीत नाव येण्याइतके सामने ज्यांच्या वाट्याला आले नाहीत, त्यांच्यासाठी कचेरीची ती जुनी नोकरीही आता उरलेली नाही. त्यांची स्थिती भिवंडीच्या यंत्रमागावरील कारागिराहून वेगळी नाही. हात चालेल तोवर दाम, हा हिशेब दोघांनाही सारखाच लागू आहे. नामवंत गोलंदाजाशी लांबचा करार करण्यात मालकाचे किती नुकसान होते याचा हिशेब बाजार मांडतोच. करार नसलेल्यांचा हिशेब मांडण्याचे काम इतिहासाच्या अभ्यासकाला करावे लागेल.